थीमचा कस गुणतक्त्यात लागतो

येडगावचे धरण कुकडी नदीवर आहे. पण त्यात येणारे पाणी एकट्या कुकडीचे नाही. माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या धरणांचे पाणीही येथे आणले जाते आणि डाव्या कालव्यातून ते पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जाते. आवर्तन कधी सुटणार, टेलच्या शेतकऱ्यापर्यंत किती पोहोचणार, हा या परिसरातला बारमाही विषय. घराघरात तो बोलला जातो आणि मुलांच्या कानावर पडतो. याच परिसरातल्या एखाद्या शाळेने रोबोटिक्स स्पर्धेत उतरायचे ठरवले, तर तिच्या वाट्याला येणारा विषय मात्र बहुधा दूरचा असतो. शालेय मुलांच्या ‘फर्स्ट लेगो लीग’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा विषय 2018 मध्ये अंतराळप्रवास होता, 2024 मध्ये समुद्राचा तळ आणि 2025 मध्ये पुरातत्त्व उत्खनन.

अशा विषयाला स्पर्धेच्या भाषेत ‘थीम’ म्हणतात. मैदान तेच, चाके आणि मोटारी त्याच, पण खेळाला एक गोष्ट जोडलेली असते. चौकोनी ठोकळा उचलून ठेवायचा, एवढेच न सांगता ‘हा औषधाचा डबा आहे, तो रुग्णापर्यंत न्या’ असे सांगितले जाते. यावर शिक्षकांत आणि जुन्या स्पर्धकांत दोन मते ऐकू येतात. एका गटाला वाटते, गोष्टीमुळे मुले रमतात, प्रेक्षकांना खेळ कळतो आणि यंत्राचा माणसाशी संबंध जोडला जातो. दुसरा गट म्हणतो, ही केवळ रंगरंगोटी आहे. त्यामागे खर्च वाढतो, नियमपुस्तिका जाड होते आणि मुलांचे लक्ष यंत्रशास्त्रावरून उडते.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. औषधाबद्दल ‘चांगले की वाईट’ असा प्रश्न विचारला, तर कोणत्या आजारात, किती मात्रेत आणि कोणाला, हे उलट विचारावे लागते. थीमचेही तसेच आहे.

पुण्याने पाहिलेले खेळ

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. आशिया-पॅसिफिक भागातल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेतर्फे ‘एबीयू रोबोकॉन’ ही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची स्पर्धा 2002 पासून होते. यजमान देश दरवर्षी आपल्या संस्कृतीतला किंवा जीवनातला एखादा विषय निवडतो आणि त्यावर खेळ बेततो. 2008 आणि 2014 या दोन वर्षी ती पुण्यात झाली. 2008 मध्ये विषय होता गोविंदाचा, म्हणजे कृष्णाच्या लोणी चोरण्याचा. 2014 मध्ये विषय होता पालकत्वाला सलाम. 2022 मध्ये यजमानपद पुन्हा भारताकडे आले, तेव्हा खेळ निवडला गेला लगोरी.

लगोरी, म्हणजे कुठे लिंगोरचा. गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेला हा खेळ. एका रोबोने चेंडू मारून पाच चकत्यांची रास पाडायची, त्याच्या जोडीदार रोबोने ती पुन्हा रचायची आणि प्रतिस्पर्ध्याने त्या रचणाऱ्या रोबोच्या डोक्यावरचा चेंडू उडवायचा, असा ढाचा होता. ज्याने लहानपणी लगोरी खेळली, त्याला हे एका वाक्यात समजते. मोटारीचा वेग किंवा सेन्सरचा प्रकार न कळणारी आजीसुद्धा ‘रास पडली, आता रचा’ म्हणून खुर्चीत सरसावून बसेल. थीमचा हा पहिला फायदा. विज्ञान स्पर्धेच्या दारातून ती बिगरतांत्रिक माणसालाही आत घेते.

2014 चा खेळ त्याहून बोलका होता. एक पालक रोबो आणि एक बाल रोबो. पालकाने बाळाला सी-सॉवर बसवायचे, झोक्यावर बसवून झोका द्यायचा, खांबांवरून चालवायचे आणि शेवटी शिडीसारख्या सांगाड्यावर चढू द्यायचे. हे ऐकायला गोड वाटते. पण त्यामागचा अभियांत्रिकी प्रश्न कठीण होता. बाल रोबो उचलता येईल इतका हलका हवा, तरी स्वतः चढू शकेल इतका ताकदवान हवा. पालकाची पकड घट्ट हवी, पण वेळ आली की सोडून देणारी हवी. थीम काढून टाकली तर हा प्रश्नच उरत नाही. म्हणजे इथे गोष्ट खेळाच्या वर चिकटवलेली नव्हती, आत मुरलेली होती.

मेंदू काय म्हणतो?

मुलांच्या शिकण्यावर झालेल्या प्रयोगांतून या वादाला बराच आधार मिळतो. डायना कॉर्डोव्हा आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांचा 1996 मधील अभ्यास या बाबतीत नेहमी सांगितला जातो. चौथी-पाचवीच्या मुलांना अंकगणितातल्या क्रियांचा क्रम शिकवणारे संगणकी खेळ देण्यात आले. काहींना कोरा खेळ मिळाला, तर काहींना तोच खेळ अंतराळसफरीच्या किंवा खजिन्याच्या शोधाच्या गोष्टीत गुंफून मिळाला. गोष्टीतला खेळ मिळालेली मुले जास्त रमली आणि शिकलीही जास्त. गोष्टीत मुलाचे स्वतःचे नाव, मित्रांची नावे, आवडीच्या वस्तू गुंफल्या आणि काही किरकोळ बाबी त्याला निवडू दिल्या, तेव्हा फायदा आणखी वाढला. थीमच्या बाजूने हा भक्कम पुरावा.

पण दुसरा पुरावा उलट दिशेला बोट दाखवतो. शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर यांनी 1998 मध्ये वीज कशी पडते हे समजावणारा मजकूर विद्यार्थ्यांना वाचायला दिला. एका गटाच्या मजकुरात विजेने माणसे कशी भाजली वगैरे चटकदार माहिती घातली होती. ती खरी होती, पण वीज कशी तयार होते याच्याशी तिचा संबंध नव्हता. हा मजकूर वाचणाऱ्यांना मूळ प्रक्रिया कमी आठवली आणि तिचा उपयोग करून नवे प्रश्न सोडवणेही कमी जमले. चटकदार तपशिलाने लक्ष खेचले आणि ते चुकीच्या जागी नेऊन ठेवले.

हे दोन अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत. पहिल्यात गोष्ट आणि गणित एकाच दोरीत विणलेले होते. खजिना मिळवायचा तर गणित सोडवावेच लागे. दुसऱ्यात गोष्ट शेजारी उभी होती. थीम मदत करते की नडते, याचे उत्तर या फरकात आहे. काम आणि गोष्ट एकच असेल तर थीम शिकवते. काम एकीकडे आणि गोष्ट दुसरीकडे असेल तर ती लक्ष चोरते.

स्पर्धेत हे ओळखायची खूण सोपी आहे. थीमचे नाव, मैदानावरचे चित्र, मुलांचे टी-शर्ट यांकडे पाहू नये, गुणतक्ता पाहावा. गुण कशाला मिळतात आणि कशाला कापले जातात? खऱ्या जगात त्या कामात जे महत्त्वाचे, त्यालाच गुण असतील तर थीम खरी. तसे नसेल तर ती भिंतीवरचे पोस्टर.

शरीराची थीम

आरोग्याच्या क्षेत्रातले एक उदाहरण यासाठी फार उपयोगी आहे. ‘फर्स्ट’ ही संस्था 1989 मध्ये अमेरिकेत डीन केमन यांनी स्थापन केली. अंगावर बाळगता येणारा, ठरावीक मात्रेत औषध सोडणारा पंप हे त्यांचे सुरुवातीचे गाजलेले काम. या संस्थेची पहिली स्पर्धा 1992 मध्ये झाली, तेव्हा मैदानावर मक्याचे दाणे पसरले होते आणि रोबोंना त्यातून टेनिसचे चेंडू गोळा करायचे होते. थीम म्हणावी तर एवढीच.

पुढे लहान मुलांसाठी लेगोसोबत सुरू झालेल्या स्पर्धेने 2010 मध्ये ‘बॉडी फॉरवर्ड’ हा जैववैद्यकीय विषय घेतला. हाड जोडणे, हृदयाला ठिगळ लावणे, पेसमेकर बसवणे, औषध वाटणारे यंत्र चालवणे अशी कामे मैदानावर होती. औषधाच्या कामात हव्या त्या रंगाच्या गोळ्या बाहेर काढायच्या आणि नको त्या रंगाची गोळी आतच राहू द्यायची, असा नियम होता. रुग्णालयात काम करणाऱ्या कोणालाही या नियमाचे मोल कळेल. चुकीची गोळी गेली, तर बाकीच्या बरोबर गोळ्यांनी ती चूक भरून निघत नाही. हाड जोडण्याच्या कामाबद्दल मात्र असे म्हणता येणार नाही. तिथे प्लास्टिकचा तुकडा जागेवर ठेवला की गुण मिळत. हाड कसे भरून येते, याच्याशी त्या गुणांचा फारसा संबंध नव्हता. एकाच स्पर्धेत थीमचे दोन्ही प्रकार होते.

या स्पर्धेत रोबोच्या खेळाशिवाय आणखी एक भाग असतो. मुलांनी विषयातला खरा प्रश्न शोधायचा आणि त्यावर उपाय मांडायचा. त्या वर्षी आयोवा राज्यातल्या एम्स गावच्या शाळकरी मुलींच्या एका चमूने, एका हाताला बोटे नसलेल्या तीन वर्षांच्या मुलीसाठी एक साधन तयार केले. हाताला बसणारा साचा आणि त्यात पेन्सिल धरण्याची सोय, असे त्याचे साधे स्वरूप. त्याच्या आधारे त्या मुलीला लिहिता, चित्र काढता येऊ लागले. त्या कामाला पुढे स्पर्धेचा नवोपक्रम पुरस्कार मिळाला. विषय ‘शरीर’ नसता, तर या मुलींनी असा प्रश्न शोधला असता का? कदाचित नाही. थीमचे हे सर्वांत मोठे देणे. मूल वर्गाबाहेर जाते आणि ज्याला त्रास आहे त्याला विचारते.

विरोधकांचे तीन मुद्दे

थीमविरोधकांचा पहिला मुद्दा खर्चाचा. दरवर्षी विषय बदलला की नवे मैदान, नवे साहित्य, नवी जुळणी. शहरातल्या शाळेला ते जमते. ग्रामीण शाळेला गेल्या वर्षीचे मैदान गुंडाळून कपाटावर ठेवावे लागते आणि नव्यासाठी देणगीदार शोधावा लागतो. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पण ते प्रयोगशाळा उभारण्यासाठी आणि काही वर्षे चालवण्यासाठी असते, दरवर्षीच्या नव्या मैदानासाठी नाही. ही तक्रार रास्त आहे. मात्र विषय कधीच बदलला नाही तर काय होते, तेही पाहावे. महाविद्यालयांच्या महोत्सवांत रेषेवरून धावणाऱ्या रोबोची शर्यत वर्षानुवर्षे तीच असते. परिणामी तिचा तयार संच पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो, आज्ञावली आयती मिळते आणि गेल्या वर्षीच्या विजेत्याला यंदा फारसे काही करावे लागत नाही. बदलता विषय नव्या शाळेला निदान सुरुवातीच्या रेषेवर तरी सर्वांसोबत उभे करतो.

दुसरा मुद्दा सातत्याचा. रोबोंच्या फुटबॉलची ‘रोबोकप’ ही स्पर्धा 1997 पासून होते. या शतकाच्या मध्यापर्यंत रोबोंच्या संघाने माणसांच्या विश्वविजेत्या संघाला हरवावे, हे तिचे जाहीर उद्दिष्ट आहे. खेळ तोच राहिल्यामुळे एका वर्षीचे संशोधन पुढच्या वर्षी कामी येते. संशोधकांसाठी हेच योग्य. परंतु सहावी-सातवीचे मूल फुटबॉलचा आलेख वर चढवायला आलेले नसते. त्याने पहिल्यांदा स्क्रू-ड्रायव्हर हातात धरलेला असतो. त्याची गरज वेगळी आहे.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. थीम चुकीचे शिकवू शकते. जुन्नरमध्ये उसाच्या फडात बिबटे राहतात, माणसांवर हल्ले होतात आणि माणिकडोहला बिबट्या निवारण केंद्र आहे. उद्या कोणी ‘बिबट्याला पकडा’ अशी थीम काढून चेंडू मारण्याला गुण ठेवले, तर खेळ रंगेल, टाळ्याही पडतील. मुले मात्र शिकतील की दिसला बिबट्या की मारा. दबा धरून बसलेल्या प्राण्याला घेरणे हे माणसाच्याच जिवावर बेतते. त्याऐवजी लवकर ओळखणे, गोठ्यात आणि रस्त्यावर सूचना देणे आणि प्राण्याला वाट मोकळी ठेवणे याला गुण दिले, तर तीच थीम जीव वाचवायला शिकवेल. जपानमधल्या कोबे शहरात 1995 मध्ये भूकंप झाला, त्यानंतर रोबोकपमध्ये बचावकार्याची शाखा सुरू झाली. तिथे ढिगाऱ्यासारख्या मैदानात अडकलेली माणसे शोधण्याला गुण असतात. विषय दुःखाचा आहे, पण गुणतक्ता माणसाच्या बाजूचा आहे.

येडगावसाठी एक गुणतक्ता

नारायणगावच्या पलीकडे खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने तिथे भरणाऱ्या प्रदर्शनात परिसरातल्या शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी आपली मॉडेल्स मांडतात आणि गावोगावचे लोक ती पाहायला येतात. नॅटली रस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मधील एका लेखात रोबोटिक्सकडे अधिक मुले, विशेषतः मुली याव्यात म्हणून काही मार्ग सुचवले होते. केवळ आव्हाने न देता विषय द्या, कला आणि गोष्टीला जागा द्या आणि स्पर्धेऐवजी प्रदर्शने भरवा, असे ते मार्ग होते. खोडदला प्रदर्शनाची परंपरा आधीपासून आहे. तिला स्थानिक थीमच्या खेळाची जोड देता येईल.

उदाहरणार्थ फवारणी. द्राक्ष-टोमॅटोच्या या पट्ट्यात ती रोजची गोष्ट. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला. यातील ऑर्गॅनोफॉस्फेट गटाची औषधे श्वासातून जातात तशी कातडीतूनही शिरतात. घाम, लाळ, बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, छातीत दाटणे अशी लक्षणे दिसू लागतात. अशा रुग्णाला अ‍ॅट्रोपिन देऊन वाचवता येते, पण वेळेत आणले तर.

आता याचा खेळ करा. ओळीने उभ्या केलेल्या काठ्या, त्यांवर पांढऱ्या कागदाची पाने. शेजारी पांढरे कापड नेसवलेला मजुराचा पुतळा. एका बाजूला टेबलफॅन, म्हणजे वारा. रोबोने हळदीचे पाणी फवारायचे. खेळ संपल्यावर पानांवर आणि पुतळ्यावर साबणाचे पाणी फिरवायचे. जिथे हळद पडली तिथे लाल डाग उमटतो. पानावरच्या डागाला गुण, पुतळ्यावरच्या प्रत्येक डागाला त्याच्या दुप्पट वजावट. वेगाला गुणच नाहीत. साहित्याचा खर्च घरातल्या किराण्याएवढा. मुले नोझलचा कोन, दाब, वाऱ्याची दिशा शिकतील आणि घरी गेल्यावर वडिलांना विचारतील, ‘अण्णा, वारं कोणीकडचं आहे?’

दुसरा खेळ पाण्याचा. वरच्या बाजूला चार भांडी, मध्ये येडगावचे एक, खाली कालव्याच्या उतारावर दहा वाट्या. झडपा रोबोने उघडायच्या-मिटायच्या. सर्वांत भरलेल्या वाटीला गुण दिले, तर मुले वरच्या वाट्या भरून मोकळी होतील. सर्वांत शेवटच्या वाटीत किती पोहोचले यावर गुण दिले, तर त्यांना गळती, उतार आणि वेळ यांचा हिशेब मांडावाच लागेल. भांडी, पाणी, रोबो सगळे तेच. बदलली फक्त गुणांची एक ओळ. त्या एका ओळीने मुलाचे लक्ष वरच्या शेतावरून टेलच्या शेतावर नेले.

म्हणून आयोजकांनी आणि शिक्षकांनी थीम टाळण्याचे कारण नाही, पण तिच्यावर भाळण्याचेही नाही. विषय मुलांच्या परिचयाचा घ्यावा. एका ओळीत सांगता येईल असा ठेवावा. मैदान गावात मिळणाऱ्या वस्तूंतून बनावे आणि निम्मे तरी पुढच्या वर्षी वापरता यावे. मुलांनी खेळण्याआधी त्या कामातल्या निदान एका माणसाशी बोलावे. फवारणी करणारा मजूर, कालव्यावरचा पाटकरी, रुग्णालयातली परिचारिका, कोणीही चालेल. गुणतक्ता तयार झाला की तो त्याच माणसाला दाखवून विचारावे, ‘हे बरोबर आहे का?’ तो नाही म्हणाला, तर तक्ता बदलावा.

स्पर्धा संपते, चषक कपाटात जातो, रोबोची बॅटरी उतरते. मुलाच्या मनात टिकतो तो एकच हिशेब, कशाला गुण मिळाले होते याचा. पुढे तेच मूल फवारणीचे यंत्र, औषधाचा पंप किंवा कालव्याची झडप बनवणार असेल, तर त्या यंत्रासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाची गणना त्या हिशेबात लहानपणीच झालेली बरी.